मार्कांचा सातबारा

दहावीला पास व्हायला शंभरात पस्तीस लागतात. वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर जी एकच परीक्षा होते त्या नीटमध्ये २०२५ साली खुल्या गटातल्या मुलाला पात्र ठरायला ७२० पैकी १४४ पुरले. भागाकार केला तर बरोबर वीस टक्के. ज्या टक्क्यांवर रायगडमधल्या कर्जतच्या कुठल्याही शाळेनं वडिलांना बोलावून घेतलं असतं आणि वडिलांनी घरी येऊन पट्टा काढला असता, त्या टक्क्यांवर भारत सरकार मुलाला कळवतं, की तू डॉक्टर व्हायला पात्र आहेस. असे पात्र त्या वर्षी बारा लाखांच्या वर निघाले. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. तेव्हा दहा पात्रांतले नऊ जण आपापली पात्रता गुंडाळून घरी बसले आणि नेरळपासून खोपोलीपर्यंत त्यांच्या घरांत एकच वाक्य बोललं गेलं : ‘‘मार्क कमी पडले.’’ माझा आक्षेप या वाक्यावर आहे. मार्क कमी नव्हते, रांग लांब होती. शिवाय ही रांग सगळ्यांना सारखी लांब नसते. खिशात हात घातला की ती आखडते. मार्क हे डॉक्टर मोजण्याचं माप नसून माणसं परत पाठवण्याची सोय आहे, आणि ती सोय नेमकी तिथेच कडक होते जिथे पैसे नसतात, असं माझं म्हणणं आहे.

खालापूर तालुक्यातला एक मुलगा कल्पनेनं घ्या. नाव नको, आणि आडनाव तर नकोच. ते कळलं की लोक मार्कांऐवजी कोटा विचारतात. त्याला ५२० मार्क मिळाले असं धरू. २०२४ साली महाराष्ट्रात खुल्या गटातून सरकारी कॉलेजात शिरायला सव्वासहाशेच्या वर मजल मारावी लागत होती. तेव्हा ५२० वाला हा वाया गेलेला मुलगा. मामा त्याला फार्मसीचे फॉर्म आणून देतो, आत्या म्हणते, ‘‘नर्सिंगला हल्ली मुलगेही जातात म्हणे.’’ २०२५ साली फिजिक्सचा भाग इतका अवघड निघाला, की देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ वर थांबावं लागलं, आणि आपल्याकडच्या सरकारी कॉलेजांची दारं पाचशेच्या जरा वर उघडली. तोच ५२० वाला आता तालुक्याचं भूषण. त्याचा फ्लेक्स लागतो, त्यावर एका बाजूला आमदार आणि दुसऱ्या बाजूला क्लासचे सर असतात. दोन्ही सालांतल्या मुलाला येणारं जीवशास्त्र तेवढंच आहे. त्याचं कर्तृत्व म्हणाल तर तो एक वर्ष उशिरा जन्मला. फ्लेक्सवर ‘जिद्द, चिकाटी आणि अथक परिश्रम’ असं छापतात; पेपर काढणाऱ्याचे आभार कुणी मानत नाही.

मापाचंही एकदा बघायला हवं. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते. काहींना ७१८ आणि ७१९ मिळाले, जे या परीक्षेच्या हिशेबात बसतच नाहीत. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलेल्याला एक वजा. एक प्रश्न सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. मधले आकडे शून्यातून आले नव्हते, ते परीक्षा केंद्रावर वेळ वाया गेल्याची भरपाई म्हणून १५६३ मुलांना दिलेल्या वाढीव मार्कांतून आले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, वाढीव मार्क परत घेतले, २३ जूनला त्या मुलांसाठी फेरपरीक्षा ठेवली, पुढे भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचं उत्तर बदललं, आणि ६७ चे अखेर १७ उरले. पन्नास मुलं काहीही न करता ‘पैकीच्या पैकी’वरून खाली आली. उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात दुसरं दाखवणारं माप कर्जतच्या बाजारात कुणी तांदूळ मोजायला वापरलं असतं तर वजनमापे खात्याचा माणूस दंडाची पावती घेऊन आला असता. इथे मात्र मापाला धक्का नाही, कमी पडला तो मुलगाच.

आपल्या व्यवस्थेची एक दया मान्य केली पाहिजे. ती मागचं काही काढत नाही. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून खुल्या गटाला पन्नास टक्के आणि राखीव गटांना चाळीस टक्के मिळाले, की शाळेतला सगळा इतिहास माफ. अमेरिकेत हे नाही. तिथे आधी चार वर्षांची पदवी, तिच्या प्रत्येक विषयाची श्रेणी धरून चारपैकी सरासरी, आणि मेडिकलला घेतलेल्या मुलांची ही सरासरी पावणेचारच्याही वर. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एखाद्या मराठी घरातल्या मुलीला एकोणिसाव्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत ‘सी’ पडला, की तो ‘सी’ पंचविशीपर्यंत तिच्याबरोबर प्रत्येक अर्जावर येतो. मग त्यावर उतारे : पदवीनंतर पुन्हा विज्ञानाचे वर्ग, वेगळी मास्टर्स, ऑस्टिओपॅथीची (डी.ओ.) कॉलेजं, आणि तेही नाही जमलं तर कॅरिबियन बेटं. आपल्याकडे मे महिन्यातला एक रविवार सगळं धुऊन काढतो. दया आहे ती एवढीच. आणि तिची किंमत शाळेनं मोजली. बाकी कशाचाच हिशेब होत नसेल तर बाकी काही करायचं कशाला? कर्जत-खोपोलीची किती तरी मुलं नावानं ज्युनिअर कॉलेजात असतात आणि देहानं कल्याण, ठाणे नाहीतर पनवेलच्या क्लासमध्ये. कॉलेजात ती प्रॅक्टिकलच्या वेळी प्रकट होतात, तेव्हा शिपाई त्यांना पाहुणे समजून कुणाला भेटायचंय ते विचारतो. (ही मुलं पुढे डॉक्टर झाली की कॉलेज त्यांचा सत्कार करतं. ज्याला शिकवलंच नाही त्याच्या यशात वाटा मागण्याची ही पद्धत फक्त शिक्षणातच आहे असं नाही, पण तिथे ती शालीसकट आहे.)

बरं, तो रविवार तरी सगळ्यांना सारखाच उजाडतो का? खोपोलीच्या मुलीनं क्लासला जायचं म्हणजे पहाटे खोपोली लोकलनं कर्जत गाठायचं, आणि ती लोकल चुकली की पुढचीची वाट बघण्यात ऑप्टिक्सचा अख्खा धडा होतो. पुढे कर्जतहून कल्याण-ठाण्याची गाडी, म्हणजे बदलापूरनंतर उभं राहून उजळणी. लातूरला मुलगा क्लासला चिकटून असलेल्या खोलीत राहतो. तिथे दोन पिढ्यांत प्रवेशपरीक्षा हाच मुख्य उद्योग झालाय. २०२० पर्यंत राज्यात सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये ती ७०:३० पद्धत रद्द झाली, गुणवत्तेला न्याय मिळाला असं सांगितलं गेलं, आणि तो युक्तिवाद खोटाही नव्हता. मराठवाड्यातल्या मुलांची तक्रार खरीच होती. पण त्यामुळे २०२१ मध्ये अलिबागला रायगडचं सरकारी मेडिकल कॉलेज शंभर जागांनी सुरू झालं, तेव्हा ‘आपल्या जिल्ह्याचं कॉलेज’ म्हणजे आपल्या मुलांचं कॉलेज, हा समज कर्जतकरांनी ठेवण्याचं कारण उरलं नाही. तसंही कर्जतहून अलिबागला पोचण्यापेक्षा मुंबईला पोचणं सोपं.

आता मी मुद्द्याच्या जमिनीवर येतो, जमीन शब्दशः. सरकारी कॉलेजात वर्षाची फी दीड लाखाच्या आसपास. अभिमत विद्यापीठात ती वीस लाखांच्या वर, काही ठिकाणी पंचवीसच्याही वर. साडेचार वर्षांचे झाले कोटभर रुपये, मेस आणि हॉस्टेल निराळं. साहजिकच तिथली रांग आखूड. सरकारी दारातून परत पाठवलेला मुलगा तीनशे-चारशे मार्कांवर तिथे सन्मानानं आत जातो, आणि ‘पात्र’ या शब्दाचं रहस्य इथे उलगडतं : ते १४४ सरकारी कॉलेजासाठी नव्हतेच, तिथे ते कुणाला काय कामाचे? पात्रतेची रेघ इतकी खाली ओढली नसती तर कोटभर रुपये देऊ शकणारी मुलं कुठून मिळाली असती? खासगी कॉलेजांत संस्थेच्या कोट्याच्या जागाही अशाच, राज्याच्या कोट्याच्या कित्येक पट फी भरून. प्रवेशाच्या बोलीभाषेत त्या कोट्याला ‘आयक्यू’ म्हणतात, आणि हे मी रचलेलं नाही.

कर्जत-खालापुरात हा हिशेब जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचित कुठे दिसत असेल. इथे एक्स्प्रेसवे आला, फार्महाऊस आली, प्लॉटिंग आलं, पनवेलकडून विमानतळाची हवा आली. भाताच्या खाचराला गुंठ्याचा भाव आला. एकराचे गुंठे चाळीस. म्हणजे ज्याच्या सातबाऱ्यावर हमरस्त्यालगतचा एक एकर आहे त्याच्या मुलाच्या गुणपत्रिकेत न दिसणारे चाळीस गुंठे आधीच मिळवलेले असतात. सरकारी कॉलेजाच्या कटऑफपेक्षा शंभर मार्क कमी पडले तर किती गुंठे, तीनशे कमी पडले तर किती, याचं कोष्टक कुठे छापलेलं नाही, पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोन करणाऱ्या एजंटाला ते तोंडपाठ असतं. तो कधी ‘मार्क किती’ असं विचारून थांबत नाही; लगेच पुढे ‘बजेट किती’ असतं. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रानं भाताच्या एकाहून एक सरस जाती काढल्या, त्यांना कर्जतचं नाव दिलं, पण एका एकरात एक डॉक्टर पिकवण्याचं वाण त्यांना साधलं नाही. ते प्लॉटिंगवाल्यांना साधलं. आणि ज्याच्याकडे कूळकायद्यातही जमीन लागली नाही, त्या कातकरी वाडीवरच्या मुलाला मात्र प्रत्येक मार्क मार्कानंच भरावा लागतो. आता कर्जत तालुक्यातच, डिकसळला, खासगी मेडिकल कॉलेज उभं राहिलंय. पण दार जवळ आलं म्हणून उंबरठा खाली येत नाही. प्रवेशाची यादी मुंबईतूनच लागते आणि फी आहे तीच राहते.

मधल्या वर्गाची वाट तिसरी. कोटभर नाहीत, पण तीस-चाळीस लाख होतील, सोसायटीचं कर्ज, आईचे दागिने, एखादा तुकडा. मग नकाशा उघडतो. खोपोलीत ज्या घरांना पुण्याच्या पलीकडचं सोलापूर लांब वाटायचं त्या घरांत बिश्केक, तिबिलिसी, कझान ही नावं वडगाव-मावळाइतक्या सहज येतात. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये रणगाडे शिरले तेव्हा महाराष्ट्राला पहिल्यांदा कळलं, की आपली इतकी मुलं खार्किवमध्ये शरीररचना शिकतायत. त्यांना परत आल्यावर इथली परीक्षा द्यावी लागते, ३०० पैकी १५० लागतात, आणि बहुतेक सत्रांत बहुसंख्य मुलं तिथे अडकतात. गंमत अशी, की बाहेरून आलेल्याला निम्मे मार्क हवेत असा आग्रह धरणारं हे राष्ट्र आत जाणाऱ्याला वीस टक्क्यांत सोडत असतं.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो चहाच्या टपरीवर जरा मोठ्या आवाजात येतो : कमी मार्कांवर डॉक्टर होतात ते आरक्षणामुळे. ज्याला आक्षेप घ्यायचा त्यानं खुशाल घ्यावा, पण दोन्ही खिडक्यांवर घ्यावा. राखीव जागेवर ४३० ला शिरलेल्या मुलाचे मार्क साऱ्या गावाला पाठ असतात. पैसे भरून २५० ला शिरलेल्याचे मार्क त्याच्या आजीलाही ठाऊक नसतात. पहिल्याच्या हातून ऑपरेशन करून घ्यायला लोक घाबरतात, दुसऱ्याच्या हॉस्पिटलच्या उद्घाटनाला पेढे खातात. गुणवत्तेची काळजी इतकी निवडक असेल तर तिला काळजी म्हणू नये.

शिवाय राखीव जागेवरच्या मुलाला एक पेपर जास्तीचा असतो, तो नीटच्या अभ्यासक्रमात नाही. कर्जत आणि खालापूर हे ठाकूर आणि कातकरी वस्तीचे तालुके. ठाकूर मुलानं जमातीच्या दाखल्यावर प्रवेश मागितला, की दाखला खरा असल्याचा दाखला लागतो, म्हणजे जात वैधता. त्यासाठी समितीपुढे वर्षानुवर्षं एक ‘आप्तभाव चाचणी’ चालत आली : तुमच्या जमातीचे देव कोणते, लग्नात काय विधी करता, मयतात काय करता, बोली कशी. सतरा वर्षांच्या मुलानं क्रेब्ज चक्र, किर्शॉफचे नियम आणि आपल्या पणजोबांच्या लग्नातले विधी हे तिन्ही एकाच उन्हाळ्यात तयार करायचे. बापानं कष्ट करून मुलाला शहरात शिकवलं, मुलगा वाडीपासून दोन पिढ्या लांब गेला, तर तेच त्याच्या विरुद्ध. अखेर मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सांगितलं, की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, आणि प्रत्येक प्रकरणात ती लावायलाच हवी असंही नाही. पैसे भरून जागा घेणाऱ्याला मात्र ‘तुमच्या घराण्यात पैसे कुठून आले, त्याचे विधी काय’ असं विचारणारी समिती अजून स्थापन झालेली नाही.

मार्क ही रांगेची सोय आहे, गुणांचं माप नव्हे, याचा सर्वांत भक्कम पुरावा खुद्द सरकारनं दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय जागा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा पात्रतेचा पर्सेंटाइल सर्व गटांसाठी शून्यावर आणला गेला. शून्य पर्सेंटाइल म्हणजे जो परीक्षेला बसला तो पात्र. त्या वर्षी सर्वांत खालचा आकडा होता ८०० पैकी उणे ४०. हा आकडा सहज मिळत नाही. त्या परीक्षेत दोनशे प्रश्न, चार-चार पर्याय. डोळे मिटून प्रत्येक प्रश्नाला ठोकळा काळा केला तर सरासरीनं पन्नासच्या आसपास मार्क हाती लागतात. काहीच न लिहिता, केंद्रावर पंख्याखाली तीन-साडेतीन तास शांत झोप घेतली तर शून्य. म्हणजे उणे ४० वाल्याच्या पुढे झोपलेला माणूस चाळीस मार्कांनी आहे, आणि डोळे मिटलेला नव्वदांनी. तरीही तिघेही पात्र! यावर डॉक्टर मंडळींत खूप संताप झाला, पण सरकारचा तर्क नीट पाहिला तर तो चुकीचा म्हणता येत नाही. ही सगळी मंडळी एमबीबीएस झालेलीच आहेत, जागा रिकामी ठेवून कुणाचं भलं, परीक्षा फक्त कोण आधी निवडणार हे ठरवते. बरोबर. अगदी बरोबर. फक्त हाच तर्क अठरा वर्षांच्या मुलाला ऐकवायला कुणी येत नाही. जागा जास्त आणि गिऱ्हाईक कमी असलं की मार्क निरर्थक ठरतात, आणि गिऱ्हाईक जास्त असलं की तेच मार्क मुलाच्या बुद्धीचा दाखला होतात.

‘मग काय, उणे चाळीसवाल्याकडून अपेंडिक्स काढून घ्यायचं?’ हा खरा आक्षेप आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. उत्तर असं, की अपेंडिक्स कुणाकडून काढून घ्यायचं हे ठरवायची जागा प्रवेशाचं दार नाही, बाहेर पडायचं दार आहे. बाहेरच्या दारावर सगळ्यांना एकच परीक्षा हवी असं २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यानं ठरवलं, तिचं नावही ठेवलं, आणि ती दरवर्षी पुढे ढकलण्यात आली. शिरताना तीन तासांत १८० ठोकळे काळे करण्याचा वेग मोजायचा आणि निघताना काय येतं ते राष्ट्रानं एका मापानं बघायचंच नाही, अशी ही पहाऱ्याची पद्धत आहे.

कमी तयारीवर प्रवेश मिळालेल्या डॉक्टरांचा इतिहास आपल्याला परका नाही. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज केला, तेव्हा त्यांनी आपली तयारी तिथल्या अटींत कदाचित बसणार नाही हे स्वतःच लिहिलं, आणि ज्या निश्चयानं आपण सगळ्यांचा विरोध पत्करून इतक्या लांब आलो तो जमेस धरावा अशी विनंती केली. कॉलेजनं धरला. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. कुणी म्हणेल, त्यांना प्रॅक्टिस करायला आयुष्य उरलं नाही, त्यामुळे यातून डॉक्टर म्हणून काय सिद्ध होतं? मान्य. मग ते एल.सी.पी.एस. डॉक्टर घ्या, ज्यांना ग्रँट मेडिकलसारख्या कॉलेजांचं एमबीबीएस मिळालं नाही म्हणून जे पदविकेवर डॉक्टर झाले आणि ज्यांच्या सायकलीवर मराठी खेड्यांनी कित्येक दशकं काढली. किंवा आपल्याच जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्राकडे बघा. विंचूदंशानं शंभरात तीस-चाळीस माणसं दगावत असताना तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नाडी आणि रक्तदाब टिपत राहिले, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचवाच्या विषावर चालतं हे दाखवून दिलं, आणि मृत्यू एक-दोन टक्क्यांवर आले. ते काम ‘लॅन्सेट’नं छापलं. बावस्करांना प्रवेशाला किती मार्क होते याच्याशी मला कर्तव्य नाही. मुद्दा असा, की उशाशी बसण्याचा प्रश्न कुठल्याच प्रवेशपरीक्षेत येत नाही, कारण त्याला चार पर्याय देता येत नाहीत.

मग परीक्षा बंद करायची? नाही. रांग आहे तोवर काहीतरी लागणार. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकापासून मेडिकलच्या जागांची चक्क सोडत काढत, मार्क जास्त असतील तर चिठ्ठी लागण्याची शक्यता जास्त, एवढाच मार्कांचा मान. १९९० च्या दशकात दहापैकी ९.६ सरासरीची एक मुलगी ओळीनं तीन वर्षं सोडतीत हरली, देशभर हलकल्लोळ झाला, आणि मग वरच्या मुलांना थेट प्रवेश देण्याचा नियम झाला. सोडत २०१७ मध्ये गेली, पण निवड करण्याच्या इतर पद्धतींनी इतकी डोकेदुखी दिली की २०२३ पासून कॉलेजांना पुन्हा सोडत काढायची परवानगी मिळाली. ही पद्धत खालापुरात आणली तर लोकांचा पहिला प्रश्न असेल, चिठ्ठ्या कुणाच्या पुतण्यानं टाकल्या. दुसरा आक्षेप नैतिक : नशिबावर डॉक्टर? पण निकालाच्या आदल्या दिवशी महडच्या वरदविनायकापुढे जी रांग लागते ती काय त्रिकोणमितीसाठी लागते? सोडत आपल्याकडे आहेच, फक्त तिला आपण काठिण्यपातळी म्हणतो. प्रामाणिकपणे चिठ्ठी काढली तर एवढं तरी होईल, की ५२० वाल्याला कुणी ‘तुझी बुद्धी कमी’ म्हणणार नाही. त्याची चिठ्ठी लागली नाही, एवढंच म्हणता येईल.

आणि इतक्या बारकाईनं, मार्काला मार्क लावून निवडलेला डॉक्टर पुढे जातो कुठे? सरकारी कॉलेजातून बाहेर पडलेल्यानं वर्षभर सरकारी सेवा करायची असा बंधपत्राचा नियम. ती करायची नसेल तर दहा लाख भरून सुटण्याची सोय अनेक वर्षं होती, आणि तिचा लाभ ज्यांना परवडला त्यांनी घेतला. म्हणजे आत येण्याचा भाव कोटभर, आणि गावाला नकार देण्याचा भाव दहा लाख. इतकं मार्क मोजून शेवटी कडाव आणि कळंबच्या आरोग्य केंद्रांत बऱ्याचदा सापडतो तो बी.ए.एम.एस. झालेला डॉक्टर, ज्याला ‘तुला एमबीबीएसचे मार्क पडले नाहीत वाटतं’ असं लग्नाच्या बैठकीत ऐकावं लागलेलं असतं. पावसाळ्यात ओढ्यापलीकडून मण्यार चावलेल्याला खांद्यावर घालून आणणारी माणसं त्याला कटऑफ विचारत नाहीत. ती बाहेरच्या शिपायाला विचारतात, ‘‘डॉक्टर हायत का?’’